‘रोज तीन पानं खरडा, तुमचा आवाज आपोआप सापडेल’ : हा सल्ला कितपत खरा?

खोडरबर (धागाकर्ता)

नव्याने लिहू पाहणाऱ्याला पुण्यात सध्या सगळीकडे एकच औषध मिळतं. कार्यशाळा असो, वाचनकट्टा असो, नाहीतर चहाच्या टपरीवरचा अनुभवी कवी असो. सकाळी उठा, तीन पानं लिहा, काय सुचेल ते लिहा, मागे वळून वाचू नका, एक दिवस तुमचा आवाज तुम्हाला सापडेल.

माझं म्हणणं असं की कोऱ्या कागदाची धास्ती घालवायला हे ठीक आहे. दोन-तीन आठवडे. त्यानंतर तेच औषध अपाय करतं.

न वाचता भराभर लिहिलं की डोक्यात आधीच साठलेलं बाहेर येतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात साठलेलं असतं ते शाळेच्या निबंधाचं मराठी. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’, ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर’, ‘मन प्रसन्न झाले’. रोज तीन पानं म्हणजे नव्वद दिवसांत 270 पानं. एवढा मजकूर न तपासता लिहिला तर त्याच निबंधावर हात पक्का बसतो, दुसरं काय होणार?

त्यापेक्षा आठवड्याला 300 शब्दच लिहा, पण पुढच्या क्रमाने.

सोमवारी लिहायचं. एकच जागा, एकच वेळ. फुलस्केपवर, कागदाच्या एकाच बाजूला, एकाआड एक ओळ सोडून, डावीकडे चार बोटं समास. मंगळवारी कागद बाजूला. बुधवारी मोठ्याने वाचायचं. जिथे श्वास अडखळतो किंवा स्वतःलाच लाज वाटते तिथे समासात फुली. लाज वाटते ती जागा बहुतेकदा उसनी असते. गुरुवारी खोडायचं, 300 चे 200 होईपर्यंत. आणि शुक्रवारी, हे लोक हमखास टाळतात, मूळ कागद उलटा ठेवून तेच पुन्हा आठवून लिहायचं. शनिवारी दोन्ही कागद शेजारी ठेवा. न बघता लिहिताना जे शब्द आपणहून परत आले ते तुमचे. जे आले नाहीत ते कुठूनतरी आणलेले होते.

नमुना देतो. विषय, सकाळचा चहा. पहिला खर्डा साधारण असा येतो:

*सकाळच्या कोवळ्या उन्हात अमृततुल्यमध्ये शिरताच चहाचा मन मोहून टाकणारा सुगंध दरवळला आणि कुठेतरी मन एका वेगळ्याच विश्वात हरवून गेले.*

‘कोवळं’ जातं, कारण सकाळचं ऊन दुसरं कसलं असणार. ‘मन मोहून टाकणारा’, ‘सुगंध’ आणि ‘दरवळला’ हे तिघं एकच काम करतात, त्यांतला एक पुरे. ‘कुठेतरी’ आणि ‘वेगळ्याच’ हे शब्द लिहिणाऱ्याला नेमकं माहीत नाही याची कबुली आहेत. एका वाक्यात ‘मन’ दोनदा. उरतं काय? ‘सकाळी अमृततुल्यमध्ये शिरताच चहाचा वास आला.’ सपाट, पण खोटं नाही. आता या सपाट वाक्याला प्रश्न विचारा: वास नेमका कसला, कुठून, आणि त्या वेळी तिथे काय चाललं होतं?

*सकाळी अमृततुल्यात शिरलं की आधी वेलदोडा नाकाला लागतो, मग स्टोव्ह. पितळी पातेल्यावरच्या फडक्यातून चहा गाळणाऱ्याचा हात थांबत नाही. उन्हं अजून समोरच्या शटरवरच असतात.*

हे तीन पानांतून येत नाही. खोडण्यातून येतं.

---

सदाशिव_पेठी

आधी शुद्धलेखन शिकावे. आवाजाचे नंतर पाहता येईल. ‘आणि’चा णि ऱ्हस्व की दीर्घ हे ज्याला ठाऊक नाही त्याने तीन पाने लिहिली काय आणि तीनशे शब्द लिहिले काय, वाचणाऱ्याला त्रास सारखाच.

---

बोलघेवडा

खोडरबर, सुधारलेली वाक्यं छान आहेत. पण ती त्या लिहिणाऱ्याची नाहीत हो, तुमची आहेत.

पितळी पातेलं, फडकं, शटरवरचं ऊन. गेल्या काही वर्षांतल्या कुठल्याही बऱ्या ललित लेखात ही वाक्यं खपून जातील. विशेषण काढा, वस्तू ठेवा, वाक्य तोकडं करा, शेवटी एक प्रकाश किंवा सावली टाका. शाळेचा निबंध गेला आणि कार्यशाळेचा निबंध आला. कार्यशाळांमधून निघालेले दहा लेख नाव झाकून वाचा, कोणता कुणाचा ते सांगून दाखवा.

माणूस लिहायला बसला की त्याचा आवाज जातो; बोलताना तो असतोच. म्हणून सुरुवात कागदावर करायची नाही, तोंडाने करायची. पद्धत सांगते.

फोनवर रेकॉर्डर लावायचा आणि पाच मिनिटं बोलायचं. समोर खरं माणूस हवं. एकट्याने फोनशी बोललं की सगळ्यांचं भाषण होतं, ‘नमस्कार, आज मी तुम्हाला’ सुरू होतं. समोरच्याने एकच प्रश्न विचारायचा, तोही भांडणाचा: ‘त्याच टपरीवर का जातेस?’ वर्णन करायला सांगितलं तर वर्णनच येतं. बाजू मांडायला लावली की माणूस येतो.

मग ते शब्दशः उतरवायचं. ‘म्हणजे’, ‘ना’, ‘बरं का’, अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळं. पाच मिनिटं उतरवायला नवख्याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, आणि तो वाचवायला म्हणून फोनला बोलून टाइप करायला लावू नका. विरामचिन्हं बहुतेकदा गळतात, आणि वर तो तुमचं ‘आलतो’ चं ‘आलो होतो’ करून टाकतो. म्हणजे नेमकं जे पकडायचं तेच गेलं.

उतरवल्यावर असं काहीतरी हाती येतं:

*अहो सातच्या आत गेलं ना, तर पहिलं पातेलं मिळतं. दुसऱ्याला आलं तेच, साखर वाढवतात फक्त. आमच्या ह्यांना नाही कळत, त्यांना चहा म्हणजे गरम पाहिजे, बास.*

उन्हाचा पत्ता नाही. वासाचा नाही. विशेषणं म्हणाल तर ‘पहिलं’, ‘दुसरं’ आणि ‘गरम’. पण बाई कोण, किती वाजता उठते, घरात कुणाचं काय चालतं हे तीन ओळींत आलं. आता यात खोडायचं ते फक्त दोनदा आलेलं. सांगण्याचा क्रम हलवायचा नाही. क्रियापद मागेपुढे झालेलं असेल तर तसंच ठेवायचं. आणि मधेच केलेला शेरा, जो लेखनात आपण ‘विषयांतर’ म्हणून आधी काढतो, त्याला तर हात लावायचा नाही.

कवयित्री बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या म्हणत गेल्या, मुलगा सोपानदेव यांनी उतरवून घेतलं, पुस्तक आलं 1952 साली, त्या गेल्यानंतर. कुठला फुलस्केप आणि कुठला समास?

---

मुद्राराक्षस

दोघांनाही थोडं थांबवतो.

‘आवाज सापडणे’ हा वाक्प्रचारच मुळात उसना आहे. मराठीत आपण काय म्हणतो? हात बसला. अक्षराला वळण लागलं. गळा तयार झाला. यांतलं काहीही कुठे हरवलेलं नसतं की सापडावं. वळण हे दुसऱ्याचं अक्षर गिरवून लागतं, गळा गुरूची तान घेऊन तयार होतो. फक्त लेखनातच आपण धरून चाललो आहोत की कुणाचंही न गिरवता एकदम स्वतःचं येईल.

बोलघेवडा, बहिणाबाईंचं उदाहरण तुमच्या उलट बाजूने जातं. लिहिता येत नव्हतं हे खरं. पण ओवी त्यांच्या कानात होती, जात्यावरची होती, कीर्तनातली होती. त्यांच्या बऱ्याच कवितांत चरणाला आठ अक्षरं चोख बसतात. असं बोलताना होत नाही. तो साचा पिढ्यान्‌पिढ्या इतरांचं म्हणून म्हणून आलेला आहे, आणि त्या साच्यात त्यांनी आपलं घातलं.

पुण्यातलंच दुसरं टोक घ्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर. त्यांचं मासिक निबंधमाला 1874 ला सुरू झालं, 84 अंक निघाले, बहुतेक मजकूर एकहाती. ती लांबलचक, तोललेली वाक्यं कुठून आली? इंग्रजी निबंधकार वाचून, घोटून. वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेलं इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेचं भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केलं होतं. म्हणजे स्वतःची माला सुरू करण्याआधी दुसऱ्याचं वाक्य आपल्या भाषेत उभं करण्याची तालीम झालेली. आणि तरी चिपळूणकरांचा परिच्छेद कुणी जॉन्सनचा म्हणणार नाही.

तेव्हा गिरवा. पण गिरवण्यालाही पद्धत आहे.

चार लेखक निवडा, एकमेकांशी न पटणारे. एक संथ, एक तिरकस, एक बोलीत लिहिणारा आणि एक कोरडा माहितीपर लिहिणारा, म्हणजे शेती, आरोग्य, कायदा असलं काही. प्रत्येकाचं एक पान हाताने उतरवून काढा. टाइप करू नका. टाइप करताना डोळा वाक्य उचलतो आणि बोटं टाकतात, हाताने लिहिताना वाक्याच्या मध्यावर थांबावं लागतं आणि तिथेच कळतं की लेखकाने कर्ता कुठे लपवलाय. मग मोजा. वाक्याला सरासरी किती शब्द. किती वाक्यं ‘आहे’, ‘होतं’ वर संपतात. ‘आणि’ किती, ‘पण’ किती. सर्वनामाने सुरू होणारी वाक्यं किती. कागदावर पाच आकडे येतात. मग तुमचा विषय, तोच चहा, त्याच आकड्यांत लिहा. दर आठवड्याला एक लेखक, महिन्यात चार.

पाचव्या आठवड्यात कुणाचंच न बघता लिहायचं. तेव्हा एकाचं लांब वाक्य आणि दुसऱ्याचा तिरकसपणा यांची अशी भेसळ होते की ती त्या चौघांपैकी कुणाचीच नसते.

बिघडतं कुठे? एकच लेखक गिरवला की. पुण्यात एका लाडक्या विनोदी लेखकाची ढब निम्म्या हौशी ललित लेखांत आहे. नाव सांगत नाही, पहिल्या तीन ओळींत ओळखता.

---

हडपसर_लोकल

चर्चा भारी चाललीय, पण सगळे धरून चाललेत की लिहिणारा पेठेत नाहीतर कोथरूडला जन्मला. बार्शी, माजलगाव, इंदापूरहून शिकायला आलेल्याचं पहिलं भांडण निबंधाशी नसतं. ते ‘आलतो’ लिहायचं की ‘आलो होतो’ याच्याशी असतं. पहिल्या वर्षी जिभेवरून ‘नाय’ जातं, दुसऱ्या वर्षी कागदावरून. मग तिसऱ्या वर्षी कार्यशाळेत सांगतात, आवाज शोधा. अरे तुम्हीच घालवायला लावला की.

रडगाणं पुरे, कामाचं सांगतो. बोलीत लिहायचं ठरवलं तर तीन चुका हमखास होतात.

एक, बोली फक्त संवादात आणि निवेदन चोख प्रमाण. त्यानं निवेदक साहेब होतो आणि पात्रं अडाणी. एकतर निवेदनातही थोडी उतरू द्या, नाहीतर संवादातली कमी करा. मधली दरी जितकी मोठी तितका वाचणारा पात्रांना हसतो.

दुसरी चूक, प्रत्येक शब्दाचा उच्चार लिहीत बसणं. पानभर ‘व्हतं, न्हाई, म्या, त्येनं, आन्, इचारलं’ आलं की वाचक शब्द फोडत बसतो आणि गोष्ट सुटते. पाच-सहा खुणा निवडा आणि त्याच शेवटपर्यंत पाळा. पहिल्या पानावर ‘व्हतं’ आणि चौथ्यावर ‘होतं’ हे सगळ्यात वाईट. बोली शब्दांत कमी असते, वाक्य कुठं मोडतं त्यात जास्त असते. ‘काय करतो मग, बसलो’ यात एकही शब्द बोलीतला नाही, तरी कळतं ना कुठला माणूस आहे?

तिसरी, बोलीतला शब्द वापरून लगेच शेजारी त्याचा अर्थ सांगणं. पेठेतला लेखक ‘कुलूपकिल्ली’चा अर्थ सांगत नाही.

आणि चिपळूणकरांच्या वीस वर्षं आधी याच पुण्यात काय झालं तेही नोंदवा. मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली, साधारण चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात 1855 साली छापून आला. चार लेखक गिरवायला वेळ कुठं होता? काय सांगायचंय आणि कुणाला ऐकवायचंय हे पक्कं होतं.

---

मुद्राराक्षस

हडपसर_लोकल, मुक्ता साळवे मान्य. पण तो निबंध त्या काळच्या लिखित मराठीत आहे, बोलीत नाही. शाळेत मिळालेलं वळण तिने स्वतःच्या कामाला जुंपलं. म्हणजे उदाहरण निम्मं तुमचं, निम्मं माझं.

बोलीतल्या तिन्ही चुका मात्र अगदी बरोबर. दुसरी तर छापून आलेल्या पुस्तकांतही सापडते.

आता सदाशिव_पेठी यांच्यासाठी. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांपैकी चौदा 1962 चे, चार 1972 चे, एकूण अठरा. एका संध्याकाळी वाचून होतात. त्यांतच हेही आहे की पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा असेल किंवा तशाच कारणासाठी लिहायचं असेल तर ‘असं केलं, मी म्हटलं’ असं अनुस्वाराने लिहावं, एरवी ‘असे केले’. म्हणजे ‘केलं’ लिहिणारा अशुद्ध नाही. आज निम्मं मराठी लेखन ‘तशाच कारणासाठी’ या फटीतून चाललंय, आणि ते बरंच आहे.

अजून एक गंमत. जुन्या गद्याचा उतारा छापताना तो मुळाबरहुकूम ठेवायचा की नव्या नियमांनी बदलायचा, याची सीमारेषा नियमांनी चिपळूणकरांवर आखली आहे. त्यांच्या आधीचं जसंच्या तसं, त्यांच्यापासूनचं नियमांनुसार. पद्यात हाच मान केशवसुतांना.

नवख्याची खरी चूक ऱ्हस्व-दीर्घाची नसते, ती कुणीही दुरुस्त करून देतं. चूक मिसळीची असते: ‘त्याने पाहिलं आणि तो म्हणाला की हे चुकीचे आहे.’ अर्धं बोलणं, अर्धं परिपत्रक. लेख ‘केलं’ मध्ये लिहायचा की ‘केले’ मध्ये हे पहिल्या ओळीआधी ठरवा. हा निर्णय दिसायला अनुस्वाराचा आहे, पण वाचणाऱ्यापासून किती हातांवर उभं राहायचं ते त्यात ठरतं. तोच परिच्छेद दोन्ही तऱ्हांनी लिहून बघा. ‘केले’ वर आलात की आपोआप ‘परंतु’, ‘तथापि’ यायला लागतात. ‘केलं’ मध्ये ते टिकत नाहीत.

---

सदाशिव_पेठी

नियम पाठ आहेत. माझा मुद्दा एवढाच की तशाच कारणासाठी म्हणजे वाटेल त्या कारणासाठी नव्हे. बाकी मिसळीबद्दल सहमत. (पावाबरोबरची असेल तर चालेल.)

---

कोरा_कागद

सगळं वाचलं. फुलस्केप, रेकॉर्डर, चार लेखक, अठरा नियम. नोकरी करणाऱ्याकडे दिवसाला अर्धा तास असतो, तोही बसमध्ये, हातात फोन. त्याने यातलं काय करायचं? आणि पहिलं लिहिलेलं पाठवायचं कुठे? दिवाळी अंकाला?

---

उलटी_वेलांटी

फोनवर लिहिणं कमी दर्जाचं नाही, पण फोन तुमच्या मराठीत ढवळाढवळ करतो. ती आधी थांबवायची.

रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी होणारा कळफलक शब्द सुचवतो. तो सर्वांत जास्त चालणारा शब्द पुढे करतो. तुम्ही ‘वेलदोडा’ टाइप करायला घेता, ‘वेल’ वर ‘वेळ’ येतं, तुम्ही ते खोडता, तोपर्यंत वाक्य डोक्यातून गेलं. मग कंटाळून सोपा शब्द टाकता. महिनाभरात शब्दसंग्रह त्या सूचनांएवढा होतो. सेटिंगमध्ये जाऊन शब्द सुचवणं आणि आपोआप दुरुस्ती, दोन्ही बंद करा. जमलं तर इन्स्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कळफलक, शिका. आठवडाभर चिडचिड होते, दोन-तीन आठवड्यांत बोटं बसतात. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, उच्चाराच्या क्रमाने. संगणकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबला की ऱ मिळतो, म्हणजे ‘दऱ्या’ लिहायच्या तिथे ‘दर्या’ होत नाही. डोंगरात समुद्र घुसवणारे लेख याच कारणाने निघतात.

बसमधला अर्धा तास असा वापरा. रोज 120 शब्दांपेक्षा जास्त नाही. स्वतःलाच पाठवायच्या संदेशात लिहायचं, टिपणवहीच्या ॲपमध्ये नाही. संदेशाच्या खिडकीत समोर कुणी आहे असं धरूनच हात चालतो, टिपणवहीत लगेच निबंध होतो. आठवड्याने सातही संदेश एका जागी आणा आणि शोधा मध्ये हे शब्द टाका: ‘खरं तर’, ‘कुठेतरी’, ‘एक वेगळंच’, ‘जणू’, ‘नकळत’, आणि तीन टिंबं. किती वेळा आले ते दिसेल. तीन टिंबं म्हणजे वाक्य संपवायची भीती. प्रत्येक ठिकाणी पूर्णविराम देऊन बघा. दहापैकी आठ ठिकाणी काहीही बिघडत नाही.

कुठे पाठवायचं: दिवाळी अंक इतक्यात नको. त्यांचा मजकूर पावसाळ्यातच जमायला लागतो आणि बऱ्याच अंकांचं लेखन मागवून घेतलेलं असतं. वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांपासून सुरुवात करा. दीडशे-दोनशे शब्द, एकच मुद्दा, ठरलेला वाचक. छापून आलं तर कापलेला मजकूर आणि तुमचा मूळ मजकूर शेजारी ठेवा. संपादकाने काय काढलं हे फुकट मिळालेलं शिक्षण आहे. पत्र लिहिताना आवाजाची चिंता करायला कुणाला फुरसत नसते, म्हणून तो येतो.

आणखी एक रस्ता इथे कुणी काढला नाही: एकांकिका. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात दरवर्षी कॉलेजांची झुंबड असते. यातला बहुतेक लेखक पहिल्यांदाच लिहिणारा. तालमीत नट एका वाक्यावर तीनदा अडखळला तर चूक नटाची नसते. वाक्य खूप लांब असतं, किंवा ते पात्राचं नसून लेखकाचं असतं. कागदावर जे कळायला महिना लागतो ते तालमीत दोन दिवसांत कळतं. नाटक लिहायचं नसलं तरी हे करता येतं. स्वतःचा मजकूर दुसऱ्याकडून, पूर्वतयारीशिवाय मोठ्याने वाचून घ्या. स्वतः वाचला तर आपण चुकीच्या जागा सावरून घेतो. खोडरबर यांच्या बुधवारात हीच गळती आहे.

---

खोडरबर

उलटी_वेलांटी, बुधवारची दुरुस्ती घेतली. दुसऱ्याने वाचायचं, आपण कागदावर खुणा करायच्या.

बोलघेवडा, त्या बाईंचा उतारा माझ्या उताऱ्यापेक्षा सरस आहे, हे आधीच मान्य करतो. सोमवारी लिहिण्याऐवजी बोलून उतरवायलाही हरकत नाही. पण एक लक्षात घ्या. तुम्ही पाच मिनिटांच्या बोलण्यातून तीन ओळी दाखवल्यात. उरलेलं कुठे गेलं? तुम्हीच खोडलंत. आणि काय ठेवायचं हे ठरवलंत कशावरून? ‘साखर वाढवतात फक्त’ ठेवलं आणि मधे आलेलं पावसाचं, रिक्षाचं, दुधाच्या भावाचं काढलं. उतरवलेलं बोलणं सगळंच्या सगळं छापलं तर वाचवत नाही, कुणाचंही असो.

मुद्राराक्षस यांच्या चार लेखकांबद्दल मात्र मला शंका आहे. ‘आहे’ वर संपणारी वाक्यं मोजायची सवय लागलेला माणूस पुढे स्वतःची वाक्यंही मोजत बसतो. पहिल्या वर्षी नको. दुसऱ्या वर्षी जरूर.

---

बोलघेवडा

खोडलं मीच. पण निकष वेगळा होता. तुम्ही कमजोर वाक्य खोडता, मी दुसरं कुणीही म्हणू शकेल असं वाक्य खोडते. दुधाचे भाव सगळेच बोलतात. आणि एखादं वाक्य कमजोर असूनही फक्त त्याच माणसाचं असतं, ते मी ठेवते. आपलं सगळं भांडण तिथेच आहे.

---

मुद्राराक्षस

पहिल्या वर्षी नको म्हणणारे दुसऱ्या वर्षीही गिरवत नाहीत. तोवर त्यांचा आवाज सापडलेला असतो म्हणे.

---

कोरा_कागद

बसमधला नमुना. 120 शब्द झाले नाहीत. शब्द सुचवणं बंद करून टाइप केलंय.

*स्वारगेटला बस आत वळते तेव्हा उजव्या बाजूचे बसलेले असतात, डाव्या बाजूचे आधी उठतात. कारण माहीत नाही. कंडक्टर म्हणतो, बसा हो, अजून वळायचीय. कुणी बसत नाही. मग तोही उठतो.*

---

खोडरबर

‘कारण माहीत नाही’ खोडा. वाचणाऱ्याला तो प्रश्न आपणहून पडतोय, तुम्ही मधे येता आहात. बाकी हात लावू नका.

---

बोलघेवडा

‘कारण माहीत नाही’ ठेवा. बाकीचं कुणालाही दिसलं असतं.

---

हडपसर_लोकल

डाव्या बाजूचे उठतात कारण दार डावीकडं असतं राव.

---

मुद्राराक्षस

ते कसंही करा. ‘वळायचीय’ बरोबर आहे, कुणाच्या सांगण्यावरून त्याचं ‘वळायची आहे’ करू नका.